पांडाचा डोळा अखेर दुपारपर्यंत टिकला

गेल्या नोंदीत मी पांडाच्या ओनिगिरीपुढे, म्हणजे पांडाचा चेहरा केलेल्या जपानी भाताच्या मुदीपुढे, हात टेकले होते, हे नियमित वाचणाऱ्यांना आठवत असेल. सकाळी सात वाजता डब्यात ठेवलेला टवटवीत पांडा दुपारी बारापर्यंत पार सुरकुतून जात असे. मुलगी योचिएनमधून, म्हणजे इथल्या बालवाडीतून, परतल्यावर "आई, आज पांडा रडत होता," असे म्हणाली, तेव्हा मला फार वाईट वाटले. तिचा डबा रिकामाच परत येत असल्यामुळे नेमके काय बिघडते ते मला दिसत नव्हते. म्हणून गेले तीन आठवडे मी त्याच भाताची एक जुळी मूद करून तसल्याच डब्यात घरी ठेवते आणि बरोबर बारा वाजता उघडते. काल डबा उघडला तेव्हा दोन्ही डोळे जसेच्या तसे होते, आणि माझा जीव भांड्यात पडला.

भाताबद्दल नवीन सांगण्यासारखे फारसे नाही. एक गो, म्हणजे १८० मिलिलिटरच्या मापाने सुमारे १५० ग्रॅम कोशिहिकारी (चिकट जपानी तांदूळ), अर्धा तास भिजवून शिजवली की ८० ग्रॅमच्या चार मुदी होतात. २०२५ मध्ये ५ किलो तांदूळ ४००० येनांच्या वर गेला, तेव्हापासून केवळ सरावासाठी भात शिजवणे मी सोडले आहे. जुळी मूद दुपारी माझ्याच जेवणात जाते. ज्यांनी पुण्याहून इंद्रायणीबद्दल विचारले होते त्यांच्यासाठी: मे महिन्यात माहेरी मी ती करून पाहिली. गरम असताना ती सुरेख बांधली जाते, परंतु गार झाल्यावर कोशिहिकारीपेक्षा लवकर सुटते, त्यामुळे मूद थोडी अधिक दाबून वळावी आणि दोन तासांत खाऊन टाकावी. कोणताही भात असला तरी मूद फ्रिजमध्ये ठेवू नये. त्या थंडीत दाणे कडक होतात आणि मग सगळी मेहनत वाया जाते.

आता मुख्य दुखण्याकडे वळते. डोळ्यांसाठी नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या काळ्या पापुद्र्याचा, कापलेला तुकडा भातावर ठेवला की त्याला खालून ओल मिळते आणि वरची बाजू कोरडी राहते, त्यामुळे कडा उचलल्या जातात. पुढे सगळा तुकडा ओलावला की तो आक्रसतो. गरम भातावर हे दहा मिनिटांत घडते, आणि अंगाइतक्या कोमट भातावर तासाभरात. डोळे लावल्यावर मूद क्लिंग रॅपमध्ये घट्ट गुंडाळून पाच मिनिटे ठेवावी, हा नेहमीचा उपाय कडांपुरता लागू पडतो, परंतु आक्रसणे त्याने थांबत नाही. पांडाच्या डोळ्याभोवतीचा काळा डाग मी १२ मिलिमीटरचा कापला होता, तो दुपारी पट्टीवर जेमतेम १० भरला. एवढ्याशा चेहऱ्यावर दोन मिलिमीटर म्हणजे थोडे नव्हेत, कारण दोन्ही डोळे सारखे आक्रसत नाहीत आणि नजर तिरळी होते.

मग मी स्लाइस चीजचा आधार घेतला. नोरी आणि चीज वेगवेगळे कापून, मेयोनेझचा पुसटसा हात देऊन एकमेकांवर चिकटवले. सकाळी ते फार देखणे दिसले, पण दुपारी नोरी आत ओढली गेली होती, तिच्याभोवती चीजची पांढरी कड उघडी पडली होती आणि एका डोळ्यात तर मधोमध चीर गेली होती. सुईने बारीक भोके पाडल्यावर चीर जाणे थांबले, मात्र कड तशीच राहिली. अरिआके समुद्रातली पहिल्या खुडीची कोवळी नोरी आणून पाहिली; ती जिभेवर विरघळते, तिची चव अवर्णनीय आहे, पण तंतोतंत याच कारणासाठी ती चिमट्यात धरताच फाटते. चेहरे करण्यासाठी मागाहूनच्या खुडीची जाडसर, स्वस्त नोरीच घ्यावी, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

उपाय सुचला तो कपडे वाळत घालताना. लहानपणी आई कोरे सुती कापड शिंप्याकडे देण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवत असे, म्हणजे ते जितके आटायचे तितके आधीच आटून जाई आणि शिवलेला झगा पुढे तोकडा होत नसे. नोरीलाही आधीच आटू दिले तर काय होईल, असा प्रश्न मनात आला आणि मी हातातले काम टाकून स्वयंपाकघरात गेले. चीजच्या अख्ख्या स्लाइसवर मेयोनेझ न लावता नोरीचा मोठा तुकडा चकचकीत बाजू वर करून ठेवला, रॅपमध्ये गुंडाळला आणि पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर नोरी मऊ होऊन चीजला अंगासरशी बसली होती आणि कडेने स्पष्ट आत सरकली होती. त्यानंतर मी डोळ्याचे डाग टोकदार सुरीने दोन्ही थरांतून एकदमच कापले. नोरीचे आटणे कापण्याआधीच आटोपल्यामुळे पुढे आकार बदलण्यासारखे काही उरले नव्हते. भात पूर्ण कोमट झाल्यावर ते चिकटवले, कारण गरम भातावर चीज विरघळते. बारा वाजता पट्टी लावली तेव्हा दोन्ही डाग बारा मिलिमीटरचेच भरले.

या पद्धतीत नोरी पंचचा, म्हणजे दाबून नोरीचे आकार कापणाऱ्या साच्याचा, उपयोग उरत नाही, कारण चीजसह तुकडा त्यात अडकून बसतो. तसेही शंभर येनांच्या दुकानातला माझा पंच नोरी थोडी सादळली की दातेरी कापत होता. आता तो फक्त तोंडाच्या रेषेसाठी, तेही नोरी गॅसवर हलकेच शेकून घेतल्यावर वापरते. टोकियोतल्या काप्पाबाशीच्या भांडीबाजारातून घेतलेला बारीक टोकाचा चिमटा मात्र घेतल्यापासून रोज हातात असतो, आणि या छंदासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर मी तोच सुचवीन. डोळ्यांतले पांढरे ठिपके स्ट्रॉ चपटी करून चीजमधून कापले आणि गालांवर टूथपिकने केचपचे दोन थेंब ठेवले. या गालांनी चेहऱ्यावर जो गोडवा आला तो मी बराच वेळ पाहत राहिले.

कान अजून सुटलेले नाहीत. भाताच्या लहान गोळीला सगळीकडून नोरी गुंडाळायची असल्यामुळे तिथे चीजचा आधार देता येत नाही. आधी आटवलेली नोरी लहान पट्ट्यांनी लावून पाहावी, असे मी ठरवले होते. परंतु हे लिहीत असतानाच ओसेचीतले, म्हणजे नववर्षाच्या जपानी पक्वान्नांतले, कुरोमामे आठवले. शिजलेले काळे सोयाबीन मुळातच गोल, काळे आणि तुकतुकीत असते, मग कानांसाठी नोरी हवीच कशाला? ते बसवण्यासाठी बारीक स्पॅगेटीचा कच्चा तुकडा खुपसला की दुपारपर्यंत भाताच्या ओलीने तो मऊ होतो आणि खाताना टोचत नाही. पाकातले दाणे भातावर काळा ओघळ सोडतील, म्हणून ते धुऊन कागदावर नीट कोरडे करावे लागतील. तयार कुरोमामेचे एक पाकीट घरात आहे. उद्याच्या दोन्ही डब्यांत हेच कान लावते आणि घरचा डबा नेहमीप्रमाणे बारा वाजता उघडते.