१ जून आणि माझा अर्ज

हेल्थ इन्फॉर्मेटिक्स, म्हणजे आरोग्याच्या नोंदी आणि माहिती संगणकावर हाताळण्याचे शास्त्र, याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी गेल्या डिसेंबरात अमेरिकेतील पाच विद्यापीठांकडे अर्ज केले. तेव्हापासून ओळखीतल्या दहाबारा फिजिओथेरपिस्ट, होमिओपॅथ आणि दंतवैद्यांनी ‘नेमके काय काय केलेस’ म्हणून विचारले आहे. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा प्रपंच. यातला बराचसा भाग स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे सगळे ज्याला एसओपी म्हणतात त्या निवेदनाविषयी आहे, कारण बाकीच्या गोष्टी वेळ, पैसा आणि चिकाटी असली की मार्गी लागतात. एसओपीने मात्र माझे तीन महिने खाल्ले.

पहिल्या मसुद्याची सुरुवात ‘मला लहानपणापासून वैद्यकशास्त्र आणि संगणक या दोहोंची आवड आहे’ अशी होती. तो मी फिजिओथेरपीच्या कॉलेजातल्या एका सरांना वाचायला पाठवला. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: ‘साडेचार वर्षांत तुझी संगणकाची आवड मला एकदाही दिसली नाही.’ नंतर फोनवर ते म्हणाले, “आवडीचं राहू दे. तुझ्या हॉस्पिटलमध्ये नोंदीमुळे घोळ झालेली एक केस सांग.” मी त्यांना गुडघ्याची केस सांगितली आणि त्यांनी तेच लिही म्हणून फोन ठेवला.

मी ज्या धर्मादाय रुग्णालयात काम करते, तिथे माझ्या आधी काही वर्षे कागदी केसपेपर जाऊन संगणक आला होता. खिडकीवर रुग्णाचे नाव, गाव आणि जन्मतारीख विचारली जाते, आणि तिन्ही गोष्टी आधीच्या एखाद्या नोंदीशी जुळल्या तर जुना रुग्ण समजून तीच फाइल उघडते. एका सकाळी गुडघ्याची सांधेरोपण शस्त्रक्रिया झालेल्या आजी व्यायामासाठी माझ्याकडे आल्या. पडद्यावर डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, त्याचा एक्स-रे आणि मधुमेहाच्या गोळ्या अशी सगळी माहिती होती. मी सवयीने विचारले, “आजी, डाव्या पायाचं ऑपरेशन ना?” त्यांनी लुगडे जरा वर सरकवून उजवा गुडघा पुढे केला. टाक्यांची रेघ अजून लालसर होती. “डावा न्हवं बाई, ह्यो.” मधुमेह त्यांना नव्हताच. नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख सारखी असलेल्या दुसऱ्याच एका बाईंच्या फाइलमध्ये या आजी शिरल्या होत्या, आणि ती सारखी जन्मतारीख होती १ जून.

महाराष्ट्रात १ जून म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. शाळा जूनमध्ये उघडायच्या, मूल नेमके कधी जन्मले हे घरात ‘आखाडातला’ किंवा ‘पुराच्या साली’ एवढेच ठाऊक असायचे, आणि प्रवेशाच्या वयात बसेल असे साल धरून गुरुजी १ जून लिहून टाकायचे. ही तारीख शाळेच्या दाखल्यावरून आधार कार्डापर्यंत पोहोचली आणि तिथून आमच्या खिडकीवर आली. वैद्यकीय अधीक्षकांची रीतसर परवानगी घेऊन मी साठीच्या पुढच्या रुग्णांच्या फक्त जन्मतारखा, नाव किंवा इतर कोणतीही ओळख नसलेल्या, एका तक्त्यात मांडून घेतल्या. त्यांच्या आलेखात १ जूनचा खांब एखाद्या मोबाइल टॉवरसारखा उभा होता. त्याखालोखाल १ जानेवारीचा होता, कारण नुसते साल माहीत असलेल्या रुग्णाची तारीख खिडकीवर तशीच भरली जात असे.

हा आलेख मी एसओपीच्या पहिल्याच परिच्छेदात शब्दांत मांडला. पण नुसती तक्रार मांडून भागत नाही, पुढचे वाचलेलेही दिसावे लागते. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का, हे ठरवण्याची गणिती रीत इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन संटर या कॅनडातील संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये मांडली. तिचे सार असे की प्रत्येक रकाना जुळण्याला वजन द्यावे आणि ते वजन तो रकाना निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता किती, यावरून ठरावे. १७ मार्च जुळली तर ती मोठी साक्ष आहे. १ जून जुळली तर तिला फारसे मोल देता येत नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तारखांना सारखेच वजन होते, आणि ज्या देशांत जन्मनोंदणी शंभर वर्षांहून जुनी आहे तिथे तसे चालूनही जाते.

नावांचा गोंधळ याच्या उलट दिशेने होतो: एकाच माणसाच्या दोन नोंदी होऊन बसतात. नावे ध्वनीवरून जुळवण्यासाठी साउंडेक्स नावाची एक जुनी युक्ती आहे; तिचे पेटंट १९१८ चे आहे आणि पुढे अमेरिकेच्या जनगणनेतील नावांच्या सूचीसाठी ती वापरली गेली. तीत नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवतात आणि पुढच्या व्यंजनांना अंक देतात. संदीप हे नाव रोमन लिपीत कुणी आय घालून लिहिले किंवा कुणी दोन ई घालून, साउंडेक्स दोघांना एकच मानते. पण ज्ञानेश्वर हे नाव आपण मराठी माणसे डी-एन-वाय असे सुरू करतो आणि हिंदी वळणाने लिहिणारा जी-वाय असे. पहिले अक्षरच वेगळे, त्यामुळे साउंडेक्सच्या लेखी हे दोन ज्ञानेश्वर जन्मात एकमेकांना भेटणार नाहीत. एसओपीतला हा परिच्छेद लिहिताना मला प्रथमच असे वाटले की मी अर्ज कशासाठी करत आहे ते मला कळले आहे.

सरांनी यावरही एक शंका काढली, आणि ती रास्त होती. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले, प्रत्येकाला आभा नावाचा १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक मिळू शकतो, मग नावे जुळवण्याची कटकट राहतेच कुठे? माझे उत्तर असे की क्रमांक आजच्या भेटीला लावता येतो. मागच्या दहा वर्षांच्या कागदी केसपेपरांतून चढवलेल्या नोंदी कुणाच्या, हे शेवटी नाव आणि तारखेवरूनच शोधावे लागते. शिवाय आजींचा मोबाइल मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा कामावर असतो. ही शंका आणि तिचे उत्तर मी एसओपीत तसेच ठेवले.

आता कुठे अर्ज करायचा, याविषयी. अभ्यासक्रमांची नावे फसवी असतात. बायोइन्फॉर्मेटिक्स बहुतांशी जनुके आणि प्रथिनांशी खेळते; हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटचा भर नोंदींचे व्यवस्थापन, आजारांचे कोडिंग आणि विम्याची बिले यांवर असतो; मला हवे होते ते या दोहोंच्या मधले. नावापेक्षा तो अभ्यासक्रम विद्यापीठाच्या कोणत्या शाखेत भरतो ते पाहणे मला अधिक उपयोगी पडले. जॉन्स हॉपकिन्समध्ये तो वैद्यक शाखेत आहे, इंडियाना विद्यापीठात संगणक आणि इन्फॉर्मेटिक्सच्या शाखेत, तर पिट्सबर्गमध्ये आरोग्य आणि पुनर्वसन विज्ञानाच्या शाखेत, जिथे फिजिओथेरपीही शिकवतात. इंडियानापोलिसचे आकर्षण मला आणखी एका कारणाने होते: तिथल्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये १९९४ मध्ये लॉइंक, म्हणजे प्रयोगशाळेतील तपासण्यांची जगभर वापरली जाणारी संकेतावली, तयार होऊ लागली, आणि रुग्णांच्या नोंदी जुळवण्यावरही तिथे बरेच संशोधन झाले आहे.

एक प्रश्न प्रत्येक विद्यापीठाला ईमेलने विचारावाच, तो म्हणजे अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकेत प्रत्येक विषयाला दिलेला वर्गीकरणाचा क्रमांक, कोणता. शिक्षणानंतर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर १२ महिने काम करता येते, आणि अभ्यासक्रम स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या यादीतला असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. मेडिकल इन्फॉर्मेटिक्सचा ५१.२७०६ हा कोड त्या यादीत आहे, पण मिळत्याजुळत्या नावाचा प्रत्येक अभ्यासक्रम याच कोडखाली येतो असे नाही. कर्ज काढून जाणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

परीक्षांचे थोडक्यात सांगते. मी निवडलेल्या पाचांपैकी तीन ठिकाणी जीआरई ही प्रवेशपरीक्षा मागितली नव्हती. सप्टेंबर २०२३ पासून ती दोन तासांच्या आत आटोपते, त्यामुळे उरलेल्या दोघांसाठी मी ती देऊन टाकली. इंग्रजीची परीक्षाही दिली. प्रोग्रॅमिंगचा अनुभव शून्य होता, तो भरून काढण्यासाठी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरचा डेटाबेसचा अभ्यासक्रम रात्री बसून पूर्ण केला. याशिवाय पुण्यात सी-डॅकमध्ये ईएचआर, म्हणजे संगणकीय आरोग्य नोंदींच्या, मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र आहे. त्यांच्याकडे नोंदणी करून स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञावली अभ्यासासाठी विनामूल्य मिळते, कारण भारत २०१४ पासून तिच्या सदस्य देशांपैकी एक आहे. खांदेदुखीच्या माझ्या रोजच्या नोंदी मी त्या संज्ञांत बसवून पाहिल्या. ‘हात वर जात नाही’ या एका वाक्याला योग्य संज्ञा शोधताना एक अख्खा रविवार गेला.

शिफारसपत्रांच्या बाबतीत आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे: ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मी तसे केले नाही, आणि यात तत्त्वनिष्ठेपेक्षा भीती अधिक होती, कारण तीन पत्रे माझ्याच हातची असती तर तिन्हींतले इंग्रजी सारखेच दिसले असते. प्रत्येकाला मी एक पानभर मुद्दे दिले, आणि त्यांत काय घडले, कधी आणि त्यांनी स्वतः काय पाहिले एवढेच लिहिले. पत्र संस्थेच्या ईमेलवरून गेलेले बरे असते. आमच्या अधीक्षकांनी तो ईमेल कधीच उघडला नव्हता, त्याचा पासवर्ड मिळवण्यात आठवडा गेला. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, नाशिकला म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो, तो सप्टेंबरातच करावा. ज्यांना आमचे ६३ टक्के कमी वाटतात त्यांच्यासाठी ट्रान्सक्रिप्टसोबत गुणपद्धतीची माहिती जोडलेली चांगली.

आता माझी फजिती. माझ्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव आणि खाली आईचे नाव आहे. पासपोर्टवर माझे आणि वडिलांचे नाव एकत्र, एकाच रकान्यात आहे. इंग्रजीच्या परीक्षेला पासपोर्टप्रमाणे नाव लागते, तर अर्जाच्या फॉर्ममध्ये मी वडिलांचे नाव मधल्या नावाच्या रकान्यात टाकले. चार विद्यापीठांत याने काही बिघडले नाही. पाचव्याच्या संगणकाने मात्र माझ्या दोन फाइली केल्या. एकीत अर्ज, एसओपी आणि शिफारसपत्रे होती, दुसरीत नुसते परीक्षेचे गुण होते, आणि जानेवारीचे तीन आठवडे मला ‘गुण प्राप्त झालेले नाहीत, अर्ज अपूर्ण आहे’ असे दिसत राहिले. परीक्षा संस्था म्हणत होती की गुण केव्हाच पाठवले. शेवटी मी पासपोर्ट, गुणपत्रिका आणि परीक्षेचा नोंदणी क्रमांक एकत्र जोडून ईमेल केला, आणि बराच विचार करून खाली एक वाक्य लिहिले की या प्रकाराविषयीच माझे निवेदन आहे, ते पहिल्या फाइलमध्ये सापडेल. दोन दिवसांनी प्रवेश विभागातल्या बाईंचे उत्तर आले की फाइली एकत्र केल्या आहेत आणि निवेदन त्यांनी जेवणाच्या सुट्टीत वाचले.

मार्चमध्ये निकाल आले. दोन नकार, एक प्रतीक्षायादी, दोन होकार. त्यांतला एक मी स्वीकारला आहे. व्हिसा हातात पडेपर्यंत विद्यापीठाचे नाव कुठे लिहू नकोस, असा आईचा आग्रह आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

व्हिसाचा डीएस-१६० हा फॉर्म गेल्या रविवारी आईबाबांना शेजारी बसवून भरला. त्यात आईवडिलांच्या जन्मतारखा विचारतात. बाबा पासपोर्ट काढायला उठले, तेव्हा आई म्हणाली, “तुझ्या आजीच्या सांगण्याप्रमाणे मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. पण तिथं शाळेतलीच टाक.” मी वडिलांच्या रकान्यात १ जून १९६३ टाकले, आईच्या रकान्यात १ जून १९६८ टाकले आणि पुढच्या पानावर गेले.