वीज परत आली, पोर्ट मात्र जुनाच

लातूरला गंजगोलाईजवळच्या आमच्या छोट्या कार्यालयात एक सर्व्हर आहे. शेतमालाचे भाव, आवक आणि आडत्यांची खाती अशा तीन सेवा त्यावर चालतात आणि मोबाईल ॲपची प्रत्येक विनंती आधी क्रॅकेनडी या एपीआय गेटवेकडे, म्हणजे विनंत्या योग्य सेवेकडे पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, येते. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात वीज गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली. वीज आल्यावर गेटवे आपणहून सुरू झाला खरा, पण ॲप त्याला ९०९० पोर्टवर (पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या सेवेचा क्रमांकित दरवाजा) शोधत होते आणि तो ८०८० वर जाऊन बसला होता.

क्रॅकेनडीला पोर्ट तीन ठिकाणांहून कळू शकतो. कॉन्फिगरेशन फाइलमधल्या आकड्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला सुरू होताना बाहेरून मिळणारे नाव आणि त्याची किंमत) मात करते आणि त्या दोन्हींवर कमांड-लाइनवर दिलेला ‘-पी’ हा पर्याय. फाइलमध्ये ८०८० होता. नवा आकडा, ९०९०, मी माझ्या खात्याच्या बॅश-आरसी फाइलमध्ये (टर्मिनल उघडताच वाचली जाणारी फाइल) व्हेरिएबल म्हणून ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवला होता आणि गेटवे टर्मिनलमधून हाताने सुरू केला होता, त्यामुळे कित्येक आठवडे सारे सुरळीत चालले. वीज आल्यावर मात्र तो सिस्टिमडीने, म्हणजे यंत्र चालू होताच सेवा सुरू करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेने, सुरू केला, आणि सिस्टिमडी कोणाचीही बॅश-आरसी वाचत नाही.

मी ती ओळ जशीच्या तशी उचलून सर्व्हिसच्या एन्व्हायर्नमेंट-फाइलमध्ये (सिस्टिमडी त्या सेवेसाठी व्हेरिएबल्स जिथून वाचतो ती फाइल) टाकली, सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी पोर्ट ८०८० च. शेवटी गेटवेच्या चालू प्रोसेसचा क्रमांक शोधून प्रॉक डिरेक्टरीतली (लिनक्स चालू प्रोसेसची माहिती जिथे दाखवते ती जागा) तिची ‘एन्व्हायरन’ फाइल उघडली. तीत सगळी व्हेरिएबल्स शून्य-बाइटने जोडून एका ओळीत सलग येतात, म्हणून ‘टीआर’ कमांडने ओळी वेगळ्या कराव्या लागतात. माझे व्हेरिएबल त्यांत नव्हतेच. लॉगमध्ये सिस्टिमडीने कारण आधीच नोंदवले होते: या फाइलमध्ये नाव, बरोबरचे चिन्ह आणि किंमत एवढेच चालते, पुढे ‘एक्स्पोर्ट’ हा शब्द असला की ती ओळ अवैध ठरवून सोडून दिली जाते. (लॉग सर्वांत शेवटी वाचण्याची माझी खोड जुनी आहे.)

पोर्ट सरळ ‘-पी’ ने का दिला नाही, असे सहकाऱ्याने विचारले. पोर्टपुरते ते चाललेही असते, पण त्याच ओळीत डेटाबेसचा पासवर्ड लिहिण्याचा मोह मी पूर्वी एकदा केलेला आहे. कमांड-लाइनवरचा मजकूर त्या यंत्रावरच्या कोणत्याही वापरकर्त्याला साध्या ‘पीएस’ कमांडने दिसू शकतो. एन्व्हायरन फाइल मात्र प्रोसेसचा मालक आणि रूट (यंत्राचे सर्वाधिकार असलेले खाते) यांनाच वाचता येते. म्हणून सगळी व्हेरिएबल्स एकाच फाइलमध्ये ठेवली आणि तिची परवानगी ६०० केली, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल.

‘एक्स्पोर्ट’ काढून टाकल्यावर सर्व्हर मुद्दाम रीबूट केला आणि एका आडतीतल्या मुनीमकाकांना फोन करून सोयाबीनचा भाव दिसतो का, असे विचारले. दिसत होता.