फुकट मुक्काम, पण नकाशा वाचून

मुलाकडे नाहीतर मुलीकडे अमेरिकेला निघालेली ओळखीची मंडळी जानेवारी-फेब्रुवारीत मला हटकून विचारतात, "मॅडम, ग्रँड कॅन्यनला राहायचं कुठे?" हॉटेलं महाग. उद्यानातल्या मॅदर कँपग्राउंडचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि चांगल्या तारखा बघता बघता जातात. मी म्हणते, तंबू घेऊन जा आणि शेजारच्या जंगलात राहा. पैसे पडत नाहीत, परवाना लागत नाही. त्यावर पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "लोकेशन पाठवा ना!"

लोकेशन मी कुणाला पाठवत नाही. ॲपवर पिन पडली की त्याच चार जागा सगळे तुडवतात, गवत मरतं, झाडांच्या आडोशाला कागदांचा खच पडतो आणि शेवटी वनखातं तो फाटा बंद करतं. शिवाय दुसऱ्याची पिन घेऊन गेलात आणि तिथे आधीच कुणी तंबू टाकलेला असला की अंधारात जायचं कुठे, हे तुम्हाला माहीत नसतं. जागा शोधायची कशी ते मात्र मी मनापासून सांगेन. मुलुंडच्या ज्युनिअर कॉलेजात वर्षानुवर्षं अकरावी-बारावीला भूगोल शिकवते, स्थलनिर्देशक नकाशे वाचायला लावते. त्यामुळे हे माझ्या आवडीचं काम आहे.

आधी जमीन कुणाची ते समजून घ्या. ग्रँड कॅन्यन हे ॲरिझोना राज्यातलं राष्ट्रीय उद्यान. तिथे नेमून दिलेल्या कँपग्राउंडवर, किंवा आत दरीत उतरायचं तर परवाना काढूनच तंबू टाकता येतो. पण उद्यानाची हद्द संपली की दक्षिणेला आणि उत्तरेलाही कैबाब नॅशनल फॉरेस्ट लागतं. हे वेगळ्या खात्याचं, यू. एस. फॉरेस्ट सर्व्हिसचं. १९०५ साली सुरू झालेलं हे खातं तिथल्या कृषी विभागाखाली येतं. त्याच्याकडे १५४ राष्ट्रीय वनं आहेत, जमीन १९ कोटी एकरांच्या पुढे. लाकूडतोड, गुरांची चराई, शिकार, भटकंती सगळं या जमिनीवर चालतं, आणि जिथे मनाई केलेली नाही तिथे वनरस्त्यालगत स्वतःच्या जबाबदारीवर तंबू ठोकून राहणंही. त्याला तिकडे डिस्पर्स्ड कँपिंग म्हणतात. नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही, भाडंही नाही. बहुतेक वनांत १४ दिवसांची मर्यादा असते. कैबाबमध्ये ३० दिवसांत १४.

मुलुंड कॉलनीच्या मागे नॅशनल पार्कचे डोंगर रोज दिसतात, पण रात्री तिथे जाऊन झोपायचा विचारही आपण करत नाही. आपल्या १९२७च्या वन अधिनियमात राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हाच गुन्हा आहे. सह्याद्रीत आपण मुक्काम करतो तो पायथ्याच्या गावाच्या भरवशावर. कुणाची ओसरी, देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा. पाणी कुठल्या टाक्यात आहे, वाट कुठे सुटते, रात्री कुठल्या बाजूला जायचं नाही, हे सगळं गावकरी सांगतात. कैबाबमध्ये विचारायला गाव नाही. गाव जे सांगतं ते तिथे नकाशाकडून काढून घ्यावं लागतं.

तो नकाशा म्हणजे मोटर व्हेइकल यूज मॅप, तोंडी एमव्हीयूएम. वनखात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. २००५च्या एका नियमाने प्रत्येक वनाला गाड्यांसाठी खुले रस्ते ठरवून तो छापणं बंधनकारक झालं. दिसायला अगदी रुक्ष. काळा-पांढरा, समोच्च रेषा नाहीत, डोंगर कुठे दरी कुठे काही कळत नाही. पण कायद्याने शब्द चालतो तो त्याचाच. जो रस्ता त्यावर नाही तो गाडीला बंद, मग जमिनीवर चाकोऱ्या कितीही ठळक दिसोत.

त्यात सगळ्यात आधी बघायचं ते रस्त्याच्या रेषेला लागून जाणारी बारीक ठिपक्यांची रांग. ठिपके आहेत तिथे रस्ता सोडून ठरावीक अंतरापर्यंत, बऱ्याच वनांत ३०० फुटांपर्यंत, मुक्कामासाठी गाडी आत नेता येते. ठिपके नसतील तर गाडी रस्त्याच्या कडेलाच लावायची आणि तंबू उचलून चालत जायचं. मग नकाशाच्या बाजूचे तक्ते वाचायचे. कुठला रस्ता कुठल्या महिन्यात खुला, हे तिथे क्रमांकानुसार दिलेलं असतं. लोक हे तक्ते वाचत नाहीत, आणि नेमकी उत्तरं त्यांतच असतात.

मी हा नकाशा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री कागदावर काढून आणते, जेवणाच्या टेबलावर पसरते आणि शेजारी लॅपटॉपवर उपग्रह चित्र उघडते. मुख्य वनरस्त्यांना नुसता आकडा असतो, त्यांतून फुटणाऱ्या फाट्यांना आकड्यापुढे अक्षर. दक्षिण दाराबाहेरच्या तुसायान गावाजवळ ३०२ नंबरचा वनरस्ता आहे. तो सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिथे गर्दीही असते. मी अक्षरवाले फाटे बघते. फाटा जिथे संपतो तिथे उपग्रह चित्रात फिकट मातीचा वाटोळा डाग दिसला तर गाड्या तिथे वळतात, म्हणजे लोक तिथे राहून गेलेत. अशी वापरलेली जागाच घ्यायची, कोरं गवत मोडायचं नाही. पेन्सिलीने गोल करायचा. असे पाच-सहा गोल असल्याशिवाय घरातून निघायचं नाही, आणि ते एकाच फाट्यावर नकोत.

मग उंची. इथे भूगोल खरा उपयोगी पडतो. तुसायान समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटरवर आहे. मे महिन्यात खाली फिनिक्स शहरात पंखा पुरत नाही, आणि वर कॅन्यनच्या काठावर पहाटे पारा सरासरी ४ अंशांपर्यंत उतरतो. रात्री थंड, जड हवा उतारावरून सरकत खोलगट कुरणात साचते. बारावीला आम्ही तापमानाची विपरीतता शिकवतो, ती इथे पाठीला कळते. म्हणून झाडं विरळ होऊन सुरू होणारं मोकळं कुरण चित्रात कितीही मोहक दिसलं तरी मी तिथे तंबू लावत नाही. थोडं वर, पाँडेरोसा पाइनच्या झाडीत, सौम्य उंचवट्यावर. ओहोळाच्या कोरड्या पात्रात तर मुळीच नाही.

हद्दीच्या रेषाही तपासा. कैबाबच्या आसपास नव्हाहो आणि हवासुपाई या आदिवासी लोकांच्या जमिनी आहेत. तिथे त्यांच्या परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही. मधे मधे खासगी तुकडे असतात, ॲरिझोना राज्याची ट्रस्ट जमीन असते आणि तिला वेगळा परवाना लागतो. जंगल सगळीकडे सारखंच दिसतं. मालक कुठे बदलला हे नकाशाच सांगतो.

एवढं झालं की फोन. फिनिक्सची घड्याळं वर्षभर आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतात, उन्हाळ्यातही पुढे करत नाहीत. कैबाबच्या रेंजर (वनाधिकारी) कार्यालयात सकाळी आठला कामकाज सुरू होतं तेव्हा मुलुंडला रात्रीचे साडेआठ. भांडी आवरून निवांत फोन करता येतो. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा पलीकडच्या बाईंनी तारखेच्याही आधी विचारलं, "गाडी कुठली आहे?" मावसभावाची साधी सेडान म्हटल्यावर त्यांनी माझ्या यादीतले दोन फाटे तिथल्या तिथे खोडायला लावले, हिवाळ्यातल्या चिखलाने चर पडलेत म्हणून. ही माहिती कुठल्याही ॲपवर नव्हती. या फोनला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. भाड्याची गाडी घेणार असाल तर करारही वाचा. कच्च्या रस्त्यावर न्यायला अनेक कंपन्यांची मनाई असते.

जागेवर दुपारी तीन-चारपर्यंत पोचायचं. फिनिक्सहून तुसायान ३७० किलोमीटरच्या आसपास, वाटेत फ्लॅगस्टाफला जेवण, पाणी, गॅसचा डबा. डबा विमानातून नेता येत नाही, तिकडेच घ्यावा लागतो. वनरस्त्याच्या तोंडाशी क्रमांकाची पाटी असते. आकडे आडवे लिहिलेले असतील तर साधारणपणे साधी गाडी जाते. तपकिरी खांबावर उभे, एकाखाली एक लिहिलेले असतील तर रस्ता साध्या गाडीसाठी राखलेला नाही असं समजायचं. आम्ही उभ्या आकड्याच्या एका फाट्याशी गाडी थांबवली. मावसभाऊ म्हणाला, "ताई, जाईल गं." मी म्हटलं, आधी चालत बघू. वळणापलीकडे चुनखडीचे दगड टाचेएवढे वर आलेले होते, गाडीच्या पोटाला लागलेच असते. आम्ही मागे फिरून दुसऱ्या गोलाकडे गेलो.

तो फाटा चांगला निघाला. शेवटाला पाइनच्या सुयांचा मऊ थर, कुणीतरी रचलेलं दगडांचं शेकोटीचं वर्तुळ. गाडीतून उतरल्यावर तंबू आधी काढायचा नाही. मान वर करून बघायचं. पाँडेरोसाची वाळलेली, उभीच मेलेली झाडं वाऱ्यात पडतात, त्यांच्या टप्प्यात झोपायचं नाही. मग वर्तुळातल्या राखेवर हाताची उलटी बाजू धरायची. ऊब लागली तर पाणी ओतून ढवळायचं, जाळ कुणीही केलेला असो. त्या राखेत बिअरच्या बाटलीच्या काचा होत्या. भावाच्या मुलीने न सांगता एकेक वेचून जुन्या डब्यात भरल्या. ती तिकडेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलते, पण त्या दिवशी संध्याकाळभर ती मला "आत्या, इकडे अजून एक" म्हणत काचा दाखवत होती. नंतर झाडाच्या सालीला नाक लावून वास घ्यायलाही तिनेच शिकवलं. उन्हात तापलेल्या पाँडेरोसाच्या सालीला व्हॅनिलासारखा गोड वास येतो.

शेकोटीबद्दल मी कडक आहे. मे-जूनमध्ये ॲरिझोना वाळून कोळ झालेलं असतं आणि वनखातं टप्प्याटप्प्याने आगीवर निर्बंध घालतं. पहिल्या टप्प्यातच अशा मोकळ्या जागी लाकडाची शेकोटी बंद होते. बटणाने चालू-बंद होणारी गॅसची शेगडी चालते. निर्बंध नसले तरी मी पेटवत नाही. २०२५च्या जुलैत नॉर्थ रिमवर, म्हणजे कॅन्यनच्या उत्तर काठावर, ड्रॅगन ब्राव्हो वणवा पसरला आणि तिथलं जुनं ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेलं. तो विजेने लागला होता. विजेला आपण थांबवू शकत नाही. आपली ठिणगी आपल्या हातात आहे. चहा-खिचडीला शेगडी पुरते, थंडीला कानटोपी आणि जाड झोपपिशवी.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरून न्या, वर भांड्यांसाठी वेगळं. कैबाबच्या या भागात वाहतं पाणी जवळजवळ नाही, आणि कुठे गुरांचा नाहीतर वन्यप्राण्यांचा पाणवठा दिसलाच तर ॲरिझोनाच्या कायद्याप्रमाणे त्याच्या पाव मैलाच्या आत तंबू नको. रात्री एल्क, सांबरासारखे मोठे प्राणी, तिथे येतात. माणूस बसलेला असला तर तहानलेले परत जातात. खाणं गाडीत बंद.

आणि ज्याबद्दल कुणी मोकळेपणाने विचारत नाही ते. सोबत छोटं खुरपं घ्या. तंबू, वाट आणि पाणी या तिन्हींपासून २०० फूट लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा, नंतर मातीने नीट बुजवायचा. कागद पुरायचा नाही. कोरड्या हवेत तो कुजत नाही, जनावरं उकरून काढतात. पिशवीत बांधून परत न्यायचा. आपल्याला पाण्याची सवय आहे, तिचा इथे फायदाच होतो. बायकांनो, या एका गोष्टीसाठी बेत रद्द करू नका. माझ्या मोठ्या बहिणीने साठी ओलांडल्यावर हे सगळं पहिल्यांदा केलं आणि दुसऱ्या दिवशी खुरपं स्वतःहून मागून घेतलं.

पावसाळ्यात जाणार असाल तर बेत बदला. ॲरिझोनातही मान्सून आहे, त्यालाही मान्सूनच म्हणतात. हवामान खातं तो १५ जून ते ३० सप्टेंबर धरतं. दुपारी ढग भरून येतात, विजा पडतात आणि तासाभरात वनरस्त्याची माती चाकाला चिकटून गाडी जागेवर बसवते. त्या दिवसांत डांबरी रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आतलाच गोल निवडा. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक नारिंगी जाकीट घाला, मुलांनाही.

या वर्षी मी कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टचा नकाशा काढून आणलाय. सेडोना गावाच्या पश्चिमेला लोकांनी इतकी गर्दी केली की तिथे आता वाटेल तिथे राहता येत नाही, खात्याने आखून दिलेल्या जागांवरच थांबावं लागतं. म्हणून माझी पेन्सिल फ्लॅगस्टाफच्या बाजूला फिरतेय. तीन गोल झालेत. दोन फाट्यांच्या तक्त्यातल्या तारखा मला नीट लागत नाहीत, सोमवारी रात्री साडेआठला फोन करून विचारणार आहे.