मागण्या ठरवायच्या तर आधी नावं झाका

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचं (धातू ओतायच्या कारखान्याचं) सॉफ्टवेअर सध्या माझ्याकडं आहे, हीट नंबरपासून (एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर) डिस्पॅचच्या चलानपर्यंत सगळं एका जागी आणायचं. कोडिंगचं काय ओ, ते होतंय, नक्की काय पायजे हे ठरवतानाच जीव जातो. मालकांना रोजचं रिजेक्शन, म्हणजे वाया गेलेला माल, शिफ्टप्रमाणं पायजे आणि सुपरवायझर मामांना नेमकं तेच नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर मालकांनी काही टाकलं की सगळे अंगठा दाखवून मोकळे, आणि नंतर चहाच्या गाड्यावर मला बाजूला घेऊन, "तसं नको बघ, खरं माझं नाव घेऊ नको."

या दुखण्यावर अमेरिकेत बॅरी बोहम (सॉफ्टवेअर फेऱ्याफेऱ्यांनी, धोके तपासत बनवायचं ते स्पायरल मॉडेल, तेवाले) यांनी 'विनविन' नावाची पद्धत काढलेली, आणि पुढं ग्रूनबाखर आणि ब्रिग्ज यांच्याबरोबर तिचं 'ईझीविनविन' केलं, त्यावरचा त्यांचा लेख 2001 चा आहे. सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या कॉम्प्युटरवर नाव न देता अपेक्षा टाईप करायच्या, जिच्यावर कुणाची हरकत नाही ती मान्य, हरकत असेल तर तो इश्यू, मग त्यावर पर्याय, आणि पर्याय पटला की करार. शिवाय प्रत्येक अपेक्षेला मतं दोन, धंद्याला किती महत्त्वाची आणि करायला किती सोपी.

तसलं सॉफ्टवेअर आपल्याकडं कुठलं, मी गूगल फॉर्म केला, ईमेल घेणं बंद ठेवलं आणि मराठी, कन्नड जे येईल त्यात लिहा म्हटलं. इथंच एक गोची होती, तिथं कन्नडात लिहिणारा एकच, म्हणजे नाव झाकून उपयोग शून्य! म्हणून शीटमध्ये टाकायच्या आधी सगळी उत्तरं मीच माझ्या शब्दांत परत टाईप केली. हे काम गूगल फॉर्म करत नाही, मधे कुणीतरी लागतंच.

मतं आली तेव्हा खरी मजा. शिफ्टवाल्या रिपोर्टला काहींचे पाच, काहींचा एक, सरासरी बघाल तर तीन, म्हणजे शीटवर एकदम गरीब गाय, आणि आत भांडण पेटलेलं. तेव्हापासून मी सरासरी बघायचं सोडलंय, मतं किती फाकली तेवढंच बघतो. पर्याय शेवटी कुणीतरी फॉर्ममधूनच दिला, रिजेक्शन वाळू, कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवतात तो गाभा), ओतकाम अशा कारणांनी दाखवा, शिफ्ट नको. मालक थोडं कुरकुरले, खरं तयार झाले, कारण कास्टिंग कशानं वाया जातंय हे त्यांनाही कळायला पायजेच होतं.

अकाउंटवाल्यांचं टॅली जोडायचं तेवढं राहिलंय. महत्त्वाला सगळ्यांचे पाच, सोपेपणाला माझा एक. त्यावर अजून एकपण पर्याय आलेला नाही, कुणी असलं केलं असेल तर सांगा की.