साबण बंद करा

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नाहीये. डॉक्टर म्हणाले, "साबण बंद करा," आणि पुढचा पेशंट बोलावला. बास, एवढंच? इतक्या रात्री जागून काढल्या त्या साबणासाठी? बाहेर येताना बरं वाटण्याऐवजी चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं. कशाचा अपमान, ते अजून नीट कळत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

कंडोम वापरून घालवलेली एक रात्र, नंतर लिंगावर दिसलेली लाली, आणि मग भीती. तिची सुरुवात हर्पिसपासून, म्हणजे संबंधांतून होणाऱ्या फोडांच्या रोगापासून झाली होती. मग वाचलं की त्याचे फोड साधारण २ ते १२ दिवसांत उठतात, दुखतात, फुटून चिघळतात. माझ्याकडे फोड नव्हताच, नुसती लाली आणि चुरचुर. मग हर्पिस सोडला आणि सिफिलिस धरला, तोही संबंधांतूनच होणारा. त्याची जखम तर दुखतसुद्धा नाही, १० ते ९० दिवसांत कधीही उठू शकते. म्हणजे काही दिसत नाही हाच पुरावा! रात्री दोन वाजता हे तर्कशास्त्र अगदी बिनतोड वाटतं. कंडोम होता, हो. पण कंडोम सगळी त्वचा झाकत नाही हेही कुठेतरी वाचलं, आणि मग होता-नव्हता सारखंच झालं. ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या असतात, हे कळलं तेव्हा ७२ तास कधीच उलटून गेले होते. त्या रात्रीबद्दल नको लिहायला.

यातलं सगळ्यात वाईट म्हणजे कुणाला सांगता येत नाही. पाठ दुखली तर चार जण चार तेलं सुचवतात. हे कुणाला सांगायचं? दादाला फोन लावला आणि त्याच्या गाडीच्या इन्शुरन्सबद्दल बोललो. त्यालाही नवल वाटलं असणार.

मग धुणं. सकाळी साबण, रात्री साबण, मध्ये जंतुनाशकाचं पाणी, तेही बऱ्यापैकी गरम. शिवाय घरात नायट्याची एक जुनी ट्यूब पडली होती, ती. डॉक्टरांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे म्हटल्यावर मात्र चष्मा काढला. तिथली त्वचा पातळ असते, स्टेरॉइडने आणखी पातळ होते; आणि साबणाने जळलेल्या कातडीला पुन्हा साबण लावत राहिलं तर ती लालच राहणार. बुरशी वाटत नाही म्हणाले, तरी साखर तपासून घेतली, कारण मधुमेहात ती परत परत होते. साखर ठीक. कडेला ओळीने बारीक पुळ्या आहेत, त्या दाखवल्या. "या वयात आल्यापासून असतील तिथेच. बऱ्याच पुरुषांना असतात. तुम्ही आत्ता बघितल्यात." स्राव येतोय का म्हणून मी दिवसभर दाबून बघत होतो, तेही सांगून टाकलं. "रोज असं पिळत बसलात तर आतून नळी चुरचुरेल, मग खरंच काहीतरी येईल. आणि लघवीला सारखं जावं लागतं ना? घाबरल्यावर लागतंच."

लघवीचा रिपोर्ट, म्हणजे गनोरिया आणि क्लॅमिडिया या संबंधांतूनच होणाऱ्या आणखी दोन रोगांचा, निगेटिव्ह. एचआयव्हीची चौथ्या पिढीची टेस्ट (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही बघणारी) ४५ दिवस उलटल्यावर शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केली होती, तीही निगेटिव्ह. "आता हा विषय संपला," असं त्यांनी कागदावर बोट ठेवून सांगितलं. मी मान डोलावली. मग ते म्हणाले, सिफिलिसची मात्र तीन महिने झाल्यावर एकदा परत करून टाकू, काही असेल असं वाटत नाही, पण नियम म्हणून. आणि मला हायसं वाटलं! एचआयव्हीच्या रिपोर्टने जे झालं नाही ते या वाक्याने झालं. घरी येईपर्यंत त्या एका उरलेल्या टेस्टला धरून होतो.

म्हणजे मला आजार हवा होता का? तसं नाही, देवाशपथ. पण काहीतरी होणार हे मी धरून चाललो होतो, आणि ते किती मोठं असेल याचं मापही मनात काढून ठेवलं होतं. काहीच न झाल्यावर त्या मापाचं काय करायचं? आजार असता तर गोळ्या होत्या, तारखा होत्या, धावपळ होती. आता नुसती ती रात्र उरली, आणि तिला औषध नाही. म.चे दोन मेसेज पडून आहेत. तिला काय त्रास झाला असेल-नसेल हा विचार... जाऊ दे. उद्या.

तसं बघितलं तर हे विनोदीच आहे. अख्ख्या पुस्तकातले रोग मी स्वतःला लावून पाहिले आणि निघाला काय, तर स्वच्छतेचा अतिरेक. आई म्हणायची, हात धुवायला याला दहादा सांगावं लागतं. तिला ही गोष्ट सांगता आली असती तर ती पोट धरून हसली असती. पण ही गोष्ट तिला कशी सांगणार!

कोमट पाणी, साबण नाही, हलक्या हाताने कोरडं करायचं, सुती कपडे, आठवडाभर बघायचं. "बघायचं" म्हणजे दर तासाला बघायचं नाही, हे डॉक्टरांनी मुद्दाम बजावलं. माणूस ओळखलाय त्यांनी.

लिहिता लिहिता उठून बघून आलो. लाली जराशी कमी वाटते. दाबलं मात्र नाही.