भुरीच्या हिरड्या

श्रावणात आमच्या पडवीत, सरपणामागे भुरी सापडली. मांजराचं पाचेक आठवड्यांचं पिल्लू. पहिले दोन दिवस बरी खाल्लीप्यायली, तिसऱ्या दिवशी मात्र बशीकडे वळूनसुद्धा बघेना. पाय पोटाशी घेऊन नुसती पडून. पावसाचा गारठा बाधला असेल, असं मला वाटलं. पिसवा दिसत होत्या, पण सासूबाई म्हणाल्या, "मांजराच्या अंगावर पिसवा असायच्याच गं," आणि मलाही ते पटलं.

चिपळूणला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी तिचा ओठ उचलून हिरडी बघितली. गुलाबी असायला हवी ती हिरडी तांदळाच्या पिठासारखी पांढरी होती. मग तिच्या पाठीवरून बारीक फणी फिरवली. मी जी धूळ समजत होते ते काळे कण त्यांनी ओल्या कापसावर टाकले आणि त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरत गेला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे भुरीचंच पचलेलं रक्त.

वजन भरलं 400 ग्रॅम. एवढ्याशा जिवाच्या अंगात रक्त असतं जेमतेम 25 मिली, चहाचे पाच चमचे. आणि पिसवेची मादी दिवसाला स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट रक्त पिते. मोठ्या मांजराला पाचदहा पिसवांनी एवढं काही होत नाही. फार तर खाजवून खाजवून केस जातात, पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असेल तर कातडीवर खपल्या धरतात. पिल्लू मात्र यात जातं. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि लहानपणी आमच्याकडे "आपोआप गेलेली" पिल्लं एकेक करून आठवली.

आदल्याच दिवशी शेजारच्या वैनींनी त्यांच्या कुत्र्याचं मानेवर घालायचं औषध देऊ केलं होतं. बाटली माझ्या हातात होती. कुत्र्यांच्या अशा काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या शरीराला पचवता येत नाही. झटके येऊन मांजर दगावतं. तेव्हा कशामुळे थांबले, मला आठवत नाही.

इतक्या लहान पिल्लाला डॉक्टरांनी औषध लावलंच नाही. उवांच्या फणीने दिवसातून तीनदा विंचरायचं, फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची आणि लोहाचे थेंब. गोणपाटं मी जाळली, अंथरुणं उकळत्या पाण्यातून काढली, कारण अंडी मांजराच्या अंगावरून गळून घरभर पडतात. कोषातली पिसू तर काही महिने दबा धरून राहू शकते.

पाचव्या दिवशी तिने माझ्या पदराला नखं लावली. तीन आठवड्यांनी शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे तुकडे चिकटलेले दिसले. अंग चाटताना गिळलेल्या पिसवांतून पोटात गेलेला पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारखा चपटा जंत. आता त्याचं औषध चालू आहे.

फणी अजून पडवीतच टांगलेली आहे. संध्याकाळी सासूबाई भुरीला मांडीवर घेतात आणि आधी ओठ उचलून बघतात.