सारंगखेड्याचे घोडे, धुळ्याची जिप्सी आणि १/६०

कॅमेरा मी सारंगखेड्यात शिकलो. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे सलग चार वर्षं जाऊन. तिथलं माझं गणित ठरलेलं होतं: शटर १/१६००, म्हणजे सेकंदाच्या सोळाशेव्या भागापुरतंच उघडणारं, लेन्स हाताशी असेल तेवढी लांब, आणि घोडा उधळला की बटण सोडायचं नाही. चारही पाय हवेत, आयाळ उडालेली, खुरांखालची माती लटकलेली. तसे फोटो निघाले की समाधान व्हायचं.

माझा मावसभाऊ ऑटोक्रॉस चालवतो. मातीच्या ट्रॅकवर एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी स्पर्धा. त्याच्याकडे जुनी जिप्सी आहे. फेब्रुवारीत धुळ्याजवळच्या एका शेतात त्याचा सराव होता. कपाशी उपटून पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या आणि रान मोकळं. त्याने बोलावलं, आणि मी घोड्यांचंच गणित घेऊन गेलो. शिवाय नाशिकहून ७०-२०० मिलिमीटरची, एफ २.८ ची झूम लेन्स भाड्याने आणली (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त). दीड किलोच्या आसपास वजन, पण म्हटलं भावाच्या गाडीचे फोटो आहेत, कसर नको.

पहिल्या दिवशी सहाशेच्या वर फोटो काढले. संध्याकाळी ओट्यावर बसून लॅपटॉपवर दाखवायला लागलो. भाऊ पाच-सहा फोटो बघून थांबला आणि म्हणाला, "दादा, गाडी ते उभी शे!"

खरंच उभी होती. काच कशी लखलखीत, नंबरप्लेटचा स्क्रू दिसतोय, रिमवरची भोकं मोजून घ्या. पण हँडब्रेक लावून गाडी शेतात ठेवली आहे आणि मागे कोणीतरी धूळ उडवली आहे, असंच वाटत होतं. त्या रात्री वही काढून आकडेमोड केली, तेव्हा कळलं की घोड्याचं गणित गाडीला का लागू पडत नाही. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. १/१६०० सेकंदात गाडी पुढे सरकते ९ मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि जिप्सीचं चाक फिरतं जेमतेम दीड अंश. घोडा थिजवला तरी त्याचे पाय सांगतात की तो धावतोय, उभा घोडा असे पाय करतच नाही. चाक गोल आहे. थिजलेलं चाक आणि उभं चाक यात डोळ्याला काही फरक नाही. १/६० ला तेच चाक ४० अंशांच्या आसपास फिरतं आणि रिमची भोकं एकमेकांत मिसळून जातात. गाडीचा वेग फोटोत दिसतो तो चाकात आणि मागच्या पार्श्वभूमीत, तिच्या पत्र्यात नाही.

मग १/६० वर गाडी स्वतः स्पष्ट कशी ठेवायची? तेवढ्या वेळात ती २३ सेंटिमीटर पुढे जाते. उत्तर एकच, कॅमेरा तिच्याबरोबर तितक्याच वेगाने फिरवायचा, म्हणजे पॅनिंग. हे वाचून येत नाही, अंगात मुरावं लागतं. मी दोन आठवडे गावाच्या फाट्यावर सकाळी जाऊन रस्त्यापासून चांगलं लांब उभा राहिलो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटरसायकली आणि एसटी टिपत राहिलो. पाय कुठे वळलेले हवेत, तर जिथे फोटो घ्यायचा त्या जागेकडे. गाडी लांबून येताना कमरेतून मागे वळून तिला फ्रेममध्ये धरायचं, आणि ती पुढे येईल तसं अंग सैल होत सरळ व्हायचं. कोपरं बरगड्यांना टेकलेली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बटण दाबल्यावर थांबायचं नाही, गाडी पुढे गेली तरी कॅमेरा तसाच फिरत राहू द्यायचा. माझे सुरुवातीचे सगळे फोटो या एका गोष्टीने गेले. बटण दाबताक्षणी हात आपोआप थबकायचा.

शटरही मी एकदम १/६० वर आणलं नाही. १/२५० वर चार दिवस, मग १/१२५, मग १/६०. १/१२५ ला दहातले चार-पाच लागायला लागले तेव्हा खाली उतरलो. १/६० ला आजही दहात एक-दोनच लागतात. १/३० मी सध्या सोडून दिलं आहे.

लेन्सच्या बाबतीत मला सर्वात उपयोगी पडली ती पावलांची मोजणी. लोक विचारतात, गाड्यांसाठी २०० मिलिमीटरची लेन्स घेऊ की ३०० ची? मी विचारतो, उभं कुठे राहू देणार आहेत? माझ्यासारख्या कॅमेऱ्यातला लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. गाडीपासूनच्या अंतराला, मीटरमध्ये, चारने गुणलं की जो आकडा येतो तेवढ्या मिलिमीटरची फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवरचा तो झूमचा आकडा, लावायची. फ्रेममध्ये सुमारे सहा मीटर रुंदी मावते, म्हणजे चार मीटरची जिप्सी आणि तिच्या पुढे-मागे श्वास घ्यायला जागा. २५ मीटरवर १००, ५० मीटरवर २००. मोठा, म्हणजे फुल फ्रेम सेन्सर असेल तर चारऐवजी सहाने गुणा. माझी चार पावलं म्हणजे तीन मीटर. दुसऱ्या सरावाला मी आधी कॅमेरा काढलाच नाही, बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपासून ट्रॅकपर्यंत पावलं मोजली. चौतीस निघाली, साधारण पंचवीस मीटर. म्हणजे माझ्या जुन्या ७०-३०० लेन्सचा शंभरच्या आसपासचा भागच पुरेसा होता.

भाड्याची लेन्स त्या वेळी आणली नाही, आणि त्याचं कारण पैसे नव्हते. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि एफ १६ ला शटर १/१०० च्या आसपास येतं, हा रीळवाल्या काळापासूनचा नियम आहे. मग १/६० हवं तर छिद्र एफ २० पर्यंत बारीक करावं लागतं. तिथे २.८ चा उपयोग काय? संध्याकाळी उशिरा किंवा अंधाऱ्या जागी ती लेन्स सोनं आहे. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात पॅनिंगसाठी तिचं वजनच जाणवतं, आणि तासाभराने हात कापायला लागला की स्वस्त, हलकी लेन्सच जास्त फोटो देते.

एफ २० ने मात्र दुसरं दुखणं दाखवलं. प्रत्येक फोटोच्या आकाशात त्याच जागी काळपट ठिपके. पहिल्या दिवशी मी शेतातच लेन्स बदलली होती आणि काळ्या मातीची ती पिठासारखी धूळ सेन्सरवर जाऊन बसली होती. मोठ्या छिद्राला ती दिसत नाही, बारीक छिद्राला लगेच उठून येते. म्हणून एनडी ८ फिल्टर घेतला. तो आठपट प्रकाश अडवतो, म्हणजे एफ २० चं काम एफ ७.१ वर होतं. ठिपकेही विरघळले आणि फोटोही जास्त धारदार आला, कारण फार बारीक छिद्राला प्रत्येक लेन्स जराशी मऊ पडते, म्हणजे बारकावे पुसटतात. आता लेन्स घरीच लावून निघतो, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. धूळ बसली की आधी फुंकणीने उडवायची, कापड लावायचं नाही. काळ्या मातीचा कण काचेवर घासला की ओरखडा कायमचा.

बाकीच्या सेटिंगचं थोडक्यात सांगतो. शटर प्रायॉरिटी, म्हणजे शटर मी ठरवायचं आणि छिद्र कॅमेऱ्याने. फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर, एका बिंदूऐवजी छोटा झोन. स्थिरीकरण असेल तर पॅनिंगचा मोड, जो फक्त वर-खाली हलणं सावरतो. आणि सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद. हे मी विसरलो होतो, आणि एका पूर्ण फेरीत मागचे विजेचे खांब सगळे तिरके आले. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात कॅमेरा वळलेला असतो. शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये जाक-आंरी लार्तिग या छायाचित्रकाराने काढलेला शर्यतीच्या गाडीचा प्रसिद्ध फोटो आहे, त्यात चाक पुढे झुकलेलं लंबवर्तुळ आहे आणि बघे मागे कललेले. त्याच्या कॅमेऱ्याच्या सरकत्या पडद्याने तेच केलं होतं. त्या फोटोत ते विलक्षण दिसतं. माझे खांब नुसतेच वाकडे दिसत होते.

समोरून येणाऱ्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. तिथे फिरवायला दिशाच नसते, म्हणून १/८०० किंवा १/१०००, आणि फोकसची खरी परीक्षा. मागून धुळीचा लोट पुढे आला की कॅमेरा गाडी सोडून धूळच पकडतो. वळणावर जिथे गाडी येणारच, त्या जागेच्या मातीवर आधीच फोकस धरून ठेवला तर जास्त फोटो लागतात. एक गोष्ट कळकळीने सांगतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू नका, कितीही सुंदर फ्रेम दिसली तरी. मातीवर सुटलेली गाडी तिकडेच येते. मी आतल्या बाजूला, दोरीच्या मागे उभा राहतो, आणि नजर कॅमेऱ्यातून अधूनमधून बाहेर काढतो.

वेळ सकाळची, साडेनऊच्या आत. त्यानंतर जमीन तापते आणि लांबच्या लेन्समधून पाहिलं की गाडी पाण्यात थरथरल्यासारखी दिसते. त्याला कुठलीही लेन्स, कुठलंही शटर उपाय नाही. जवळ जाता येत असेल तर जवळ जायचं, नाहीतर कॅमेरा ठेवून कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला बसायचं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य अजून तिरपा असताना, तो फोटो लागला. १/६०, एफ ७.१, १०५ मिलिमीटर. बोनेट आणि भावाचं हेल्मेट स्वच्छ, चाकं वितळलेली, मागच्या बांधावरच्या पऱ्हाट्यांच्या आडव्या तपकिरी रेषा झालेल्या. मागचा बंपर थोडा पुसट आहे. गाडी तिरपी वळत असली की पुढचं टोक आणि मागचं टोक एकाच वेगाने फ्रेम ओलांडत नाहीत, त्यामुळे दोन्ही एकदम स्पष्ट मिळणं अवघड. भावाने तो मोठा करून गॅरेजमध्ये लावला.

पण त्याच दिवशी त्याने माझ्याकडून जुने, पहिल्या दिवसाचे १/१६०० चे फोटोही मागून घेतले. मोबाईलवर दोन बोटांनी मोठा करत एकावर बराच वेळ थांबला. वळणात आतल्या बाजूचं पुढचं चाक मातीपासून चार बोटं उचललेलं होतं आणि टायरखालची सावली सुटी पडलेली दिसत होती. गाडीत बसून त्याला ते कधी कळलं नव्हतं. "दादा, हाऊ फोटो मना कामना शे," म्हणजे हा फोटो माझ्या कामाचा आहे, असं म्हणाला, आणि तसाच मोबाईल हातात धरून मेकॅनिकला दाखवायला गेला.